कंट्रोलर बिघडला: घरी उघडायचा, दुकानात द्यायचा, की नवा घ्यायचा?

दिवाळीच्या सुट्टीत भाचा आमच्याकडे जुळे सोलापूरला आला. दुसऱ्याच दिवशी बाहेरच्या खोलीतून हाक आली, "मामा, बघा की, मी हातच लावना, तरी हा पळलालाय!" जाऊन पाहिलं तर गेमचा कंट्रोलर चादरीवर पडलेला, पोरगं हात मागे घेऊन बसलेलं आणि पडद्यावरचा खेळाडू डावीकडं चालत सुटलेला. डावी स्टिक, म्हणजे अंगठ्यानं ढकलायची दांडी, बिघडली होती. हात न लावता असं चालत सुटणं म्हणजेच ड्रिफ्ट. म्हणून कपाटातला जुना कंट्रोलर काढला, तर तो चार्ज होईना, आणि त्याचं चौकोनाचं बटण दोन-तीनदा दाबल्याशिवाय लागेना.

दोन कंट्रोलर, तीन दुखणी. पुढच्या दीड महिन्यात मी तिन्ही वाटा चालून पाहिल्या. काही काम घरी केलं, काही बाहेरून करून घेतलं आणि भाच्याच्या लॅपटॉपसाठी एक कंट्रोलर नवाच घेतला. त्या अनुभवावरून हे लिहितोय.

माझं मत आधीच सांगतो. किंमत नंतर बघा, आधी बिघाड कोणता ते बघा. ज्या बिघाडाला सोल्डरिंग (धातू वितळवून सांधा जोडणं) लागत नाही, तो घरीच दुरुस्त करा, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका. जिथं सोल्डरिंग लागतं, तिथं कंट्रोलर स्वतः उघडा, पण मोकळा केलेला बोर्ड आणि नवा भाग हातात घेऊन कारागिराकडे जा. नवा घेण्याची पाळी लोकांना वाटते त्यापेक्षा फार उशिरा येते.

स्क्रूड्रायव्हर उचलण्याआधी

बिल शोधा. वॉरंटी शिल्लक असेल तर पुढचं काहीच करू नका, कंपनीच्या सेवा क्रमांकावर फोन करा. एक्सबॉक्सच्या कंट्रोलरचा एक स्क्रू तर सेलच्या खणातल्या स्टिकरखालीच असतो. तो स्टिकर फाटला की कंट्रोलर उघडल्याचं कुणालाही कळतं.

वॉरंटी संपलेली असेल तर रिसेट करून बघा. सोनीच्या पीएस४ चा कंट्रोलर म्हणजे डुअलशॉक ४, आणि पीएस५ चा डुअलसेन्स. डुअलशॉक ४ च्या पाठीमागे एल२ या वरच्या डाव्या बटणाजवळ आणि डुअलसेन्सच्या पाठीमागे कंपनीच्या नावाजवळ सुईएवढं भोक असतं. कन्सोल बंद करून त्यात पिन घालायची, पाचेक सेकंद दाबून धरायची आणि मग केबल लावून पुन्हा जोडायचं. कंट्रोलर जोडला जात नसेल, मध्येच तुटत असेल, तर हा उपाय बऱ्याचदा लागू पडतो. ड्रिफ्टवर मात्र क्वचितच.

ड्रिफ्टसाठी खरी तपासणी लॅपटॉपवर होते. कंट्रोलर केबलनं जोडा आणि ब्राउझरमध्ये चालणारं एखादं गेमपॅड टेस्टर उघडा. प्रत्येक स्टिकचे दोन आकडे दिसतात, एक आडव्या दिशेचा, एक उभ्या दिशेचा. दोन्ही उणे १ ते अधिक १ च्या दरम्यान फिरतात, आणि स्टिक सोडली की शून्याजवळ आले पाहिजेत. ०.०३, ०.०५ इतका फरक चालतो, कारण बहुतेक गेम मधला थोडा भाग सोडूनच देतात. त्यालाच डेडझोन म्हणतात. आमच्या डाव्या स्टिकचा आडवा आकडा उणे ०.१८ वर बसला होता.

आता स्टिक चारी दिशांना नेऊन हलकेच सोडा आणि दरवेळी आकडा कुठं थांबतो ते लिहून काढा. डावीकडून सोडल्यावर एक आणि उजवीकडून सोडल्यावर दुसराच आकडा येत असेल, तर मधोमध आणणारी स्प्रिंग सैल झाली असण्याची शक्यता जास्त. आकडा एकाच जागी थरथरत असेल तर आत घाण आहे, आणि ती साफ होण्यासारखी आहे. स्टिक सावकाश फिरवताना आकडा मध्येच टोकाला उडी मारून परत येत असेल, तर आतली पट्टी झिजली आहे. ती पुसून बरी होणार नाही. आमच्याकडे पहिल्या दिवशी थरथर होती. उडी नव्हती.

फरक ०.१० च्या आतबाहेर असेल आणि गेम शर्यतीचा किंवा क्रिकेटचा असेल, तर सेटिंगमध्ये डेडझोन वाढवून सहा महिने सहज निघतात. नेम धरून गोळी मारायच्या गेममध्ये मात्र ते जाचतं. स्टिक थोडी ढकलली तरी काही हलत नाही, आणि हललं की एकदम जास्त हलतं.

स्टिकच्या पोटात

जुन्या रेडिओचं किंवा अॅम्प्लिफायरचं आवाजाचं बटण फिरवलं की खरखर यायची, आठवतं का? ड्रिफ्ट म्हणजे तेच दुखणं. त्या बटणाच्या आत पोटेन्शिओमीटर असायचा, आणि स्टिकच्या आतही तोच असतो. एका स्टिकला दोन, एक आडव्या हालचालीसाठी आणि एक उभ्या. कार्बनचा थर दिलेली कमानदार पट्टी असते आणि तिच्यावरून धातूची नाजूक जीभ घासत जाते. जीभ पट्टीवर कुठं टेकली आहे त्यावर किती व्होल्टेज परत येतं हे ठरतं, आणि कंट्रोलरची चिप त्यावरून स्टिक कुठं आहे ते ओळखते. बरोबर मध्यावर निम्मं व्होल्टेज आलं पाहिजे. घासून घासून कार्बन झिजतो, त्याची काळी भुकटी जिभेखाली अडकते आणि मध्य सरकतो.

त्यात आपलं गाव. उन्हाळ्यात धुळीला तोटा नाही, आणि पूर्व भागात तर घराला लागून यंत्रमाग, हवेतच सुताचे तंतू. आम्ही पूर्व भागात राहत नाही, पण कंट्रोलर कायम सोलापुरी चादरीवर पडलेला. आमचा उघडला तेव्हा स्टिकच्या मानेभोवती लाल-करड्या तंतूंचं बारीक कडं वळलं होतं, बांगडीसारखं गोल. चिमट्यानं धरून ओढलं तर ते सलग निघालं, आणि त्याला तेलकट वास होता. शेंगाची चटणी आणि कडक भाकरी खाता खाता खेळल्याचा तो परिणाम. खाऊन हात पुसून खेळा असं मी आता घरात रोज सांगतो.

यावर उपाय म्हणजे जिथं काही घासतच नाही अशी स्टिक. हॉल इफेक्ट स्टिकमध्ये कार्बनऐवजी चुंबक आणि त्याचं क्षेत्र ओळखणारा सेन्सर असतो. कल्पना नवी नाही. सेगाच्या ड्रीमकास्ट या कन्सोलच्या कंट्रोलरमध्ये १९९८ साली हीच पद्धत होती. आता सुटे हॉल मॉड्यूल मिळतात आणि त्याच बनावटीचे तयार कंट्रोलरही. अलीकडे टीएमआर हा आणखी एक चुंबकी प्रकार आला आहे, त्याला वीज कमी लागते. स्प्रिंग मात्र याही स्टिकना असतेच, म्हणजे ती सैल पडण्याचा धोका यांनाही आहेच.

वाट पहिली: घरी

लागणारं सामान थोडं आहे. बारीक स्क्रूड्रायव्हरचा संच, प्लास्टिकची पट्टी (गिटारचं पिक उत्तम चालतं), चिमटा, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कान साफ करायच्या काड्या. मला हे सगळं मिळून साडेसहाशेला पडलं, आणि संच पुढं चष्म्यापासून रिमोटपर्यंत सगळ्याला उपयोगी पडतो. हात धुवायचं सॅनिटायझर अल्कोहोलऐवजी वापरू नका. त्यात पाणी असतं आणि बऱ्याचदा ग्लिसरीनही, ते आत चिकटून बसतं. पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरची हवा मारून घ्यायचा सल्ला मला दोघांनी दिला. तोही टाळा, त्या हवेबरोबर पाण्याचे आणि तेलाचे कण येतात.

उघडणं किती अवघड ते कंट्रोलरवर आहे. डुअलशॉक ४ ला मागे चार साधे स्क्रू. ते काढून कडेच्या खाचा सोडवल्या की दोन अर्धे वेगळे होतात, पण झटक्यानं ओढू नका, कारण दोन्ही अर्ध्यांना जोडणारी पातळ फीत आत असते. आधी तीनेक बोटं फट करा, फीत सोडवा, मग बॅटरीचा कनेक्टर काढा. एल२-आर२ च्या स्प्रिंगा याच वेळी उडतात. माझी एक उडाली ती दिवाणाखाली मोबाईलच्या उजेडात अर्ध्या तासानं सापडली. तेव्हापासून मी मोठ्या पारदर्शक पिशवीत हात घालून हे काम करतो.

डुअलसेन्स जास्त वेळ घेतो. पुढची काळी पट्टी कडेनं उचलून काढावी लागते, मग एल१ आणि आर१ ची बटणं उपटावी लागतात, कारण चारपैकी दोन स्क्रू त्यांच्याखाली लपलेले असतात. एक्सबॉक्सला मुठीच्या दोन्ही कडा उचकटाव्या लागतात आणि मध्ये भोक असलेला टी८ स्क्रूड्रायव्हर लागतो, साधा चालत नाही. त्याचा फायदा असा की तो एए सेलवर चालतो, बॅटरी फुगण्याची भानगड नाही. निन्टेन्डोच्या जॉय-कॉनला तीन पाकळ्यांचा स्क्रू असतो, पण त्याची स्टिक फितीवर जोडलेली असते. सोल्डर लागतच नाही. जॉय-कॉन असेल तर हा पुढचा सगळा विचार सोडा, नवी स्टिक मागवा आणि घरीच बसवा.

आता माझ्या तीन दुखण्यांकडं येतो.

चार्जिंगचं सर्वांत सोपं निघालं. डुअलशॉक ४ मध्ये मायक्रो यूएसबीचं तोंड एका छोट्या वेगळ्या बोर्डावर असतं. दोन स्क्रू, एक फीत, झालं. नवा बोर्ड दीडशे रुपयांत आला. मागवताना एवढंच बघायचं की जुन्या बोर्डावर छापलेला क्रमांक आणि फितीच्या पिना जुळतात, कारण त्यात दोन-तीन प्रकार आहेत. दहा मिनिटांत लाल-पिवळा दिवा लागला. डुअलसेन्सचं तसं नाही, त्याचं यूएसबी-सीचं तोंड मुख्य बोर्डावरच सोल्डर केलेलं असतं, म्हणजे ते काम थेट कारागिराचं.

चौकोनाच्या बटणाचं कारण मला उघडेपर्यंत माहीत नव्हतं. डुअलशॉक ४ च्या बटणांखाली वाहक शाई छापलेली पारदर्शक फिल्म असते आणि तिचं टोक बोर्डावर एका स्पंजच्या तुकड्यानं दाबून धरलेलं असतं. काही वर्षांत स्पंज चेपतो, दाब कमी पडतो आणि बटणं एकेक करून रुसायला लागतात. फिल्मचं टोक आणि बोर्डावरचे ठिपके अल्कोहोलनं पुसले, दुहेरी चिकटपट्टीचा एक पातळ तुकडा स्पंजमागे लावला, बंद केलं. खर्च शून्य. याच कामासाठी एका ठिकाणी मला "बोर्ड गेलाय, नवाच घ्या" असं उघडूनही न बघता सांगितलं गेलं होतं. म्हणून इतकं सविस्तर लिहिलं. बटणं अधूनमधून लागत नसतील तर बोर्ड गेला असं लगेच मानू नका.

तिसरं, ड्रिफ्ट. याच्या तीन पायऱ्या आहेत आणि लोक मधली पायरी विसरतात.

पहिली पायरी, धुणं. बॅटरी सोडवून, स्टिकच्या मुळाशी अल्कोहोलचे तीन-चार थेंब सोडायचे, स्टिक चाळीस-पन्नास वेळा गोल फिरवायची, पुन्हा थेंब, पुन्हा फिरवायची. मग अर्धा तास तसाच उघडा ठेवायचा. आमचा आकडा उणे ०.१८ वरून उणे ०.०४ वर आला. घरात आनंद. तीन आठवड्यांनी तो परत ०.१२ वर गेला. बहुतेकांचा अनुभव असाच असतो, कारण बाहेरून टाकलेला थेंब घाण हलवतो, काढत नाही.

दुसरी पायरी, पोटेन्शिओमीटर उघडून पुसणं. स्टिकच्या डब्याच्या दोन बाजूंना रंगीत प्लास्टिकच्या चौकोनी टोप्या असतात, बहुधा हिरव्या. बोर्डावरून काहीही न उपटता टोपी पातळ पात्यानं उचलता येते. आत छोटं पांढरं चाक दिसतं, त्याच्या पाठीवर ती धातूची जीभ असते, आणि टोपीच्या आतल्या अंगाला कार्बनची पट्टी. आमच्या पट्टीवर मधोमध एक चकचकीत रेघ उमटली होती, नखाएवढीसुद्धा लांब नाही. स्टिक सर्वांत जास्त वेळ जिथं थांबते तिथंच ती होती. काडीनं पुसलं तर काडी काळी झाली. जिभेला अजिबात वाकवायचं नाही, केसासारखी असते. बाजारातल्या सुट्या स्टिकमधलं चाक काढून या जागी बसवता येतं, तेही सोल्डरशिवाय. मी ते केलं आणि आणखी दोन आठवडे मिळाले. मग मात्र आकडा उड्या मारू लागला. पट्टीच झिजली होती.

तिसरी पायरी म्हणजे स्टिकचा पूर्ण डबा बदलणं. इथं माझा घरचा प्रवास थांबला.

डबा बोर्डाला चौदा ठिकाणी सोल्डर केलेला असतो: दोन पोटेन्शिओमीटरच्या सहा पिना, दाबायच्या स्विचच्या चार आणि डबा धरून ठेवणारे चार पाय. हे चौदाही सांधे एकाच वेळी मोकळे झाले पाहिजेत. एक जरी अडकला आणि तुम्ही ओढलंत, तर भोकातला तांब्याचा वेढा पिनेबरोबर उपटून येतो. कारखान्यातलं सोल्डर शिसं नसलेलं असतं, ते साधारण २१७ अंशांपुढे वितळतं, आपलं बाजारातलं शिसं-कथील १८३ च्या पुढे. शिवाय डबा धरणारे पाय बोर्डाच्या मोठ्या तांब्याच्या थराला जोडलेले, सगळी उष्णता तो थर पिऊन टाकतो. मी अडीचशे रुपयांचं २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न आणून एका मेलेल्या बोर्डावर सराव केला. बारीक पिना निघाल्या, पाय काही निघाले नाहीत. आयर्न टेकवून धरावं तर सोल्डर कडेनं मऊ होई आणि उचललं की लगेच गोठे. चौथ्या पायाला मी ओढलं आणि तांब्याचा वेढा पिनेला चिकटून हातात आला. तो बोर्ड मेलेलाच होता, नुकसान झालं नाही. पण चालू कंट्रोलरवर हे करायचं नाही हे त्या क्षणी ठरलं.

ज्यांच्याकडे तापमान ठरवता येणारं सोल्डरिंग स्टेशन आहे आणि हात बसलेला आहे, त्यांनी जरूर घरी करावं. फक्त एका कंट्रोलरसाठी स्टेशन, सकर (वितळलेलं सोल्डर ओढून घेणारी नळी), विक (ते टिपणारी तांब्याची जाळी), फ्लक्स (सांधा स्वच्छ करणारं रसायन) असं सगळं घेणं मात्र परवडत नाही, त्या पैशांत कारागीर पाच स्टिक बदलून देईल.

बॅटरीचं एक सांगायचं राहिलं. डुअलशॉक ४ ची १००० आणि डुअलसेन्सची १५६० एमएएचची असते, कनेक्टर काढून बदलता येते. तेवढ्याच आकारात दुप्पट क्षमता छापलेली बॅटरी दिसली तर घेऊ नका, एवढ्या जागेत ते मावत नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसला जातो, तेव्हा कंट्रोलर खिडकीत किंवा गाडीत ठेवला तर बॅटरी फुगते. फुगलेली दिसली की स्क्रूड्रायव्हरचं टोक तिच्याजवळही नेऊ नका, आणि घंटागाडीत ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्या.

वाट दुसरी: कारागीर

सोलापुरात कंट्रोलर दुरुस्त करून हवा म्हटलं की पाय आधी नवी पेठेकडं वळतात. मीही तिथल्या एका मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात गेलो. "ठेवून जावा, दोन दिवसांनी या, सातशे होतील." कोणता भाग टाकणार, जुना परत देणार का, समोर तपासून देणार का, यातल्या कशाचंच नीट उत्तर मिळालं नाही. मी कंट्रोलर परत घेऊन आलो.

मोबाईलच्या कारागिरांचा हात फार बारीक असतो, यात शंका नाही. चार्जिंगचं तोंड बदलायचं असेल, डुअलसेन्सचं यूएसबी-सी असेल, तर त्यांच्याकडेच जा, ते काम ते दिवसाला दहा वेळा करतात. पण त्यांची सवय गरम हवेची असते. स्टिकचा डबा प्लास्टिकचा, त्यावर गरम हवा मारली की जुना डबा तर वितळतोच, शेजारची बटणाची फिल्म आणि रबरही आकसतं. चौदा पायांचा भाग आरपार भोकांतून काढायचा म्हणजे जुन्या पद्धतीचं काम, आणि ते हात दुसरीकडे सापडतात: टीव्ही, इन्व्हर्टर, मिरवणुकीतले अॅम्प्लिफायर दुरुस्त करणारे. आवाजाचं खरखरतं बटण त्यांनी आयुष्यभर बदललं आहे.

माझं काम झालं ते अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत. मावसभाऊ तिथं यंत्रमागांचे इलेक्ट्रॉनिक बोर्ड दुरुस्त करणाऱ्यांकडे जातो, त्याच्याबरोबर गेलो. मोकळा बोर्ड आणि दोन नव्या स्टिक, सगळं डबीत घालून नेलं होतं. त्या काकांनी बोर्ड उजेडात धरला, कुठं पोळलाय का बघितलं आणि म्हणाले, "उघडून आणलं हे बरं केलं. तुमचं ते प्लास्टिक मला काय झेपत नाही."

त्यांनी आधी चौदाही सांध्यांवर आपलं शिशाचं ताजं सोल्डर चढवलं. काढायचंय तर वाढवताय कशाला, असं मी विचारलं. म्हणाले, "जुनं-नवं एकात मिसळलं की लवकर सुटतं." म्हणजे वर लिहिलेला अंशांचा फरक त्यांनी असा मिटवला. मग फ्लक्स, मग जाड टोकाचं आयर्न एकेका पायावर मोजून तीन-चार सेकंद आणि दुसऱ्या हातात सकर. टक्, टक्, टक्. दरवेळी भोक आरपार स्वच्छ, पलीकडचा उजेड दिसेपर्यंत. शेवटी डबा दोन बोटांनी उचलला तर तो आपसूक वर आला, ओढावा लागलाच नाही. वीस मिनिटं आणि अडीचशे रुपये.

कारागीर कुणीही असो, चार गोष्टी पदरात पाडून घ्या. भाग तुम्हीच न्या, म्हणजे कोणता बसतोय हे कळतं. गरम हवा नको, आयर्ननं काढा, असं आधीच बोला. जुना भाग परत मागा. आणि बॅटरी जोडून मोबाईलवर ब्लूटूथनं किंवा केबलनं जागेवरच आकडे बघा. चांगला कारागीर यातल्या कशालाही नाही म्हणत नाही.

नवी स्टिक बसवली की मध्य पुन्हा जुळवावा लागतो, आणि हॉलची असेल तर हमखास. डुअलशॉक ४ आणि डुअलसेन्ससाठी क्रोम ब्राउझरमध्ये केबल लावून चालणारी मोफत साधनं आहेत, स्टिक चारी कोपऱ्यांत नेऊन सोडा म्हणतात तसं करत जायचं. हे कारागिराचं काम नाही, हे घरी येऊन तुम्हीच करायचं. मी हॉलची स्टिक टाकली. तीही दोन्ही बाजूंना, कारण बोर्ड एकदा खुलला आहे तर उजवीही बदलून टाकलेली बरी. जुळवल्यावर दोन्हींचे आकडे ०.०१ च्या आत थांबले.

वाट तिसरी: नवा

इथं पैशांआधी एक गोष्ट तपासा: तुम्ही खेळता कशावर?

पीएस५ वर असाल तर पर्याय फार थोडे. परवाना नसलेल्या कंपन्यांचे कंट्रोलर पीएस५ च्या गेमला चालत नाहीत, आणि जुना डुअलशॉक ४ जोडला तरी त्यावर फक्त पीएस४ चे गेम खेळता येतात. म्हणजे नवा घ्यायचा तर बहुतेकदा डुअलसेन्सच, जो भारतात आला तेव्हाच ५,९९० रुपयांना होता. आणि त्यातही कार्बनच्याच स्टिक आहेत. सहा हजारांच्या आसपास खर्चून तुम्ही तेच दुखणं पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू करता. त्यामुळे पीएस५ वाल्यांना माझा आग्रह दुरुस्तीचाच राहील. एक्सबॉक्स कन्सोलवरही नोव्हेंबर २०२३ पासून परवाना नसलेली उपकरणं अडवली जातात.

संगणकावर खेळत असाल तर चित्र उलटं आहे. हॉल स्टिक असलेले बाहेरच्या कंपन्यांचे बरे कंट्रोलर अडीच-तीन हजारांत मिळतात आणि संगणकाला सगळं चालतं. तिथं दुरुस्तीचे पाचशे-सहाशे रुपये आणि दोन रविवार घालवण्याआधी जरूर विचार करा. भाच्यासाठी मी असाच एक घेतला.

स्वस्तात मिळणाऱ्या नकली डुअलशॉक ४ च्या नादी मात्र लागू नका. बाहेरून ओळखू येत नाहीत, पण उघडल्यावर आतला बोर्ड वेगळाच निघतो. असलीच्या बोर्डावर जेडीएम आणि पुढं क्रमांक छापलेला असतो, त्यावरूनच फिल्म आणि भाग मागवता येतात. नकलीत ते नसतं, म्हणून फिल्म बसत नाही, चार्जिंगचा बोर्ड जुळत नाही, आणि पुन्हा बिघडला की दुरुस्तीची वाटच बंद.

मग तुम्ही कुठली घ्याल?

बटण, चार्जिंग, बॅटरी, चिकटलेली स्टिक: घरी, आजच्या आज. हात थरथरत असतील तर आधी एखादा बंद पडलेला रिमोट उघडून बघा.

ड्रिफ्ट थरथरणारं असेल तर घरी धुवा, परत आलं तर टोपी काढून पुसा. या दोन पायऱ्यांसाठी कुणाला पैसे देण्याचं कारण नाही. आकडा उडी मारत असेल तर पुसण्यात रविवार घालवू नका, सरळ स्टिक मागवा आणि बोर्ड कारागिराकडे न्या. मला दोन हॉल स्टिक आणि मजुरी मिळून साडेआठशेच्या आत पडलं.

डुअलसेन्सच्या एल२-आर२ मध्ये मोटर आणि दातेरी चाकं असतात. तिथं बिघाड असेल तर घरीही उघडू नका आणि कुणालाही देऊ नका, ज्यानं ते काम आधी केलंय असाच माणूस शोधा. पाण्यात किंवा चहात पडलेला, बोर्ड हिरवा पडलेला कंट्रोलर असेल, तर नवा घ्या. पण जुना टाकू नका. त्याच्या स्प्रिंगा, रबरं, बटणं, पोटेन्शिओमीटरची चाकं पुढच्या दुरुस्तीला लागतात. आमच्याकडं मिसळणाचा एक जुना डबा आहे, त्याच्या सात वाट्यांत मी हे सगळं वेगवेगळं ठेवतो, आणि एका वाटीत तो चौदा पायांचा जुना डबाही आहे.

संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेसाठी भाचा परत आला, तेव्हा दारातूनच त्यानं विचारलं, "मामा, तो आता पळतोय का थांबतोय?" मी लॅपटॉप उघडून आकडे दाखवले. तो कितीतरी वेळ स्टिक सोडून आणि पकडून बघत बसला. मग उठला, चादर घडी करून बाजूला ठेवली आणि कंट्रोलर टेबलावर ठेवला.